बटर फ्लेवर: खाणाऱ्यासाठी तपासलंय, ढवळणाऱ्याचं काय?

गिरगावकरीण

नमस्कार मंडळी. मी घरून नानकटाई आणि बटर कुकीजच्या ऑर्डर घेते. दिवाळीत शंकरपाळे, चकल्यासुद्धा असतात. अन्न परवाना विभागाकडची नोंदणी आहे, सगळं रीतसर आहे. ज्यांना शुद्ध लोण्यातलं हवं असतं त्यांना तसं करून देते, पण त्याचा भाव सगळ्यांना झेपत नाही. मग वनस्पती तुपात करायचं आणि वासासाठी बटर फ्लेवर घालायचा. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्लीतून अर्ध्या लिटरची बाटली आणते, ती बरेच महिने पुरते.

परवा एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "तुमच्या बिस्किटांत डायॲसिटिल असतं का हो? त्याने फुप्फुसं निकामी होतात म्हणे. मुलांना देऊ ना?" मला उत्तर देता आलं नाही. बाटलीवर कृत्रिम स्वादद्रव्य एवढंच लिहिलंय, आत काय ते नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, सगळे हेच नेतात.

माझे प्रश्न दोन. हे मुलांच्या पोटात जाणं सुरक्षित आहे का? आणि असा एखादा पदार्थ "सुरक्षित" आहे हे ठरवतं कोण, कशाच्या आधारावर? कृपया ऐकीव नको, ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा. माझ्या हातचं खाणारी मुलं आहेत, म्हणून कळकळीने विचारतेय.

मीठभाकर

ताई, सरळ सांगतो, राग मानू नका. केमिकल टाकूच नका. दह्याचं विरजण लावा, ताक घुसळा, लोणी काढा. आपल्या आज्यांनी कुठे बाटल्या आणल्या होत्या? भाव वाढवा, पण खरं द्या.

रसशाळा

मी माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजीचा, फूड शाखेचा. नोकरीचा मोठा भाग स्वादद्रव्यांतच गेला, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

मीठभाकर, तुमच्या आजीच्या लोण्यालासुद्धा जो वास येतो तो बऱ्याच अंशी डायॲसिटिलचाच. विरजणातले काही जिवाणू दुधातल्या सायट्रेटपासून ते तयार करतात. बिअर-वाइन आंबताना ते तयार होतं, कॉफी भाजतानाही होतं. कारखान्यात बनवलेला रेणू आणि लोण्यातला रेणू यांत काडीचा फरक नाही. फरक पडतो तो प्रमाणाने आणि तो शरीरात कोणत्या वाटेने जातो त्याने. ही "वाट" लक्षात ठेवा, पुढे तिचंच काम आहे.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. जागतिक पातळीवर हे काम जेक्फा नावाची तज्ज्ञ समिती करते. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची ती संयुक्त समिती, १९५६ पासूनची. साधारण रीत अशी: प्राण्यांना वेगवेगळ्या मात्रा देऊन कोणत्या मात्रेपर्यंत काहीच अपाय दिसत नाही ते काढायचं. त्या मात्रेला सहसा १०० ने भागायचं. प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी १०, माणसा-माणसांतल्या फरकासाठी आणखी १०. जे उरेल ते रोज, आयुष्यभर चालण्याजोगं प्रमाण, शरीराच्या दर किलो वजनामागे.

उदाहरण म्हणून एथिल व्हॅनिलिन घेऊ, कारण केकवाले ते सर्रास वापरतात. जेक्फाने १९९५ साली त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठेवली. म्हणजे २० किलोच्या मुलाला दिवसाला ६० मिलिग्रॅम. समजा तुमच्या इसेन्समध्ये ते २ टक्के आहे आणि किलोभर केकला तुम्ही ५ मिली घातलंत. झाले अंदाजे १०० मिलिग्रॅम. मुलाने १०० ग्रॅमचा तुकडा खाल्ला तर पोटात गेले १०. मर्यादेच्या सहाव्या हिश्श्याइतकं. असा हिशेब कोणालाही करता येतो. अडचण एकच, बाटलीवर टक्केवारी नसते.

पण स्वादद्रव्यं हजारो आहेत, आणि प्रत्येकाचा प्राण्यांवर एवढा अभ्यास झालेला नाही. हे लोकांना सहसा सांगितलं जात नाही. म्हणून रेणूची रचना बघून त्यांचे तीन वर्ग पाडतात. १९७८ साली क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ३३ प्रश्नांची एक शिडी मांडली: हा रेणू शरीरात नेहमी असणाऱ्या पदार्थांपैकी आहे का, सहज तुटतो का, त्यावर अमुक गट आहे का, असे प्रश्न. पहिल्या वर्गाला माणशी दिवसाला १८०० मायक्रोग्रॅम, दुसऱ्याला ५४०, तिसऱ्याला फक्त ९० असे उंबरठे. लोक किती खातात याचा अंदाज उंबरठ्याच्या आत असला, आणि शरीर त्या रेणूची निरुपद्रवी विल्हेवाट लावतं हे माहीत असलं, तर काळजीचं कारण नाही असं धरतात. उंबरठा ओलांडला तर त्या पदार्थाचे किंवा त्याच्या जवळच्या नातेवाईक पदार्थांचे प्राण्यांवरचे प्रयोग बघतात.

डायॲसिटिलबद्दल जेक्फाने १९९८ च्या बैठकीत सांगितलं की स्वादासाठी ज्या प्रमाणात खाल्लं जातं त्या प्रमाणात सुरक्षिततेची काळजी नाही. पोटात गेल्यावर यकृत त्याचं ॲसिटॉइन आणि पुढे ब्युटेनडायॉल करतं, आणि ते निघून जातं. तेव्हा ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बाटलीवर सांगितलेल्या मात्रेत घातलेल्या कुकीज खाऊन मुलांची फुप्फुसं जाणार नाहीत. त्या बाईंना हे बेलाशक सांगा.

सांजवेळ

पण मग फुप्फुसांची गोष्ट आली कुठून? मीही वाचलंय, "पॉपकॉर्न लंग" का काहीतरी. धूर आहे म्हणजे आग असणारच ना?

डॉक्टर_परळ

आग होती, आणि मोठी होती. छातीच्या विकारांवर काम करतो म्हणून लिहितो.

२००० साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यात पूर्वी काम केलेल्या आठ जणांना ब्रॉन्कियोलायटिस ऑब्लिटरन्स असल्याचं एका डॉक्टरने आरोग्य खात्याला कळवलं. या आजारात श्वासनलिकेच्या अगदी शेवटच्या, बारीक फांद्या आतून व्रण धरून आवळत जातात. हवा आत जाते, बाहेर पडत नाही. झालेलं नुकसान भरून येत नाही. त्या आठांपैकी चौघांची नावं फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत होती.

मग नायॉश या, कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने कारखाना तपासला. २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले. कामगारांत श्वासमार्गाच्या अडथळ्याचं प्रमाण अपेक्षेच्या ३.३ पट. आणि ज्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही, त्यांच्यात १०.८ पट. हा दुसरा आकडा मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण कामगार खोकत आला की आपला पहिला प्रश्न "बिडी ओढता का?" असतो आणि तिथेच चौकशी संपते.

सगळ्यात जास्त कोणाला झालं? गरम सोयाबीन तेलाच्या टाकीत बटर फ्लेवर ओतून ढवळणाऱ्यांना. टाकीचं झाकण उघडायचं, ओतायचं, वाकून बघायचं. दर्जा तपासणाऱ्या खोलीत दिवसभर पाकिटं फोडून बघणाऱ्यांनाही झालं. त्यांच्यापैकी कोणाचा आजार पॉपकॉर्न खाण्यातून आलेला नव्हता. वाफ श्वासातून गेली होती.

रसशाळा म्हणाले ती वाट हीच. यकृतापर्यंत जाणारा रेणू आणि श्वासनलिकेच्या अस्तराला थेट भिडणारा रेणू, यांचं शरीरात होणारं काम वेगळं. डायॲसिटिल प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाला चिकटतं. उंदरांना त्याची वाफ हुंगायला दिली तेव्हा श्वासमार्गाचं अस्तर अक्षरशः सोलवटून निघालं.

सांजवेळ

म्हणजे घरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न करणाऱ्यांना काही नाही? आमच्याकडे शनिवारी रात्री ठरलेलंच असतं.

डॉक्टर_परळ

आठवड्यातून एकदा, नाही. २००७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका गिऱ्हाइकाची नोंद झाली होती, पण तो गृहस्थ वर्षानुवर्षं रोज अनेक पाकिटं करायचा आणि वाफ मुद्दाम हुंगायचा. त्याच वर्षी तिथल्या मोठ्या पॉपकॉर्न कंपन्यांनी डायॲसिटिल काढून टाकलं. पाकीट उघडताना तोंड त्यावर धरू नका, मिनिटभर थांबा, एवढं पुरे.

रसशाळा

काढून टाकलं खरं, पण त्याजागी काय आलं ते ऐका. पुष्कळ ठिकाणी २,३-पेंटेनडायोन आलं. डायॲसिटिलपेक्षा एका कार्बनने मोठा, रचना तीच, कार्बन-ऑक्सिजनच्या दोन जोड्या (कार्बोनिल) शेजारी-शेजारी. वासही तसाच. पुढे उंदरांवर तपासलं तर श्वासमार्गाला इजाही तशीच. बाटलीवर "डायॲसिटिल-मुक्त" लिहून विकायला मोकळे. नायॉशने २०१६ मध्ये दोन्हींसाठी हवेतली शिफारस केली: आठ तासांच्या सरासरीने डायॲसिटिल अब्जामागे ५ भाग, पेंटेनडायोन ९.३ भाग. किती थोडं आहे बघा. आणि ही नुसती शिफारस आहे. अमेरिकेच्या ओशाने, म्हणजे कामगार सुरक्षेचा कायदा राबवणाऱ्या खात्याने, डायॲसिटिलसाठी बंधनकारक मर्यादा केलेली नाही.

माझ्या धंद्याबद्दल बोलतो. अमेरिकेतल्या १९५८ च्या कायद्यात "सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेले" पदार्थ अशी वाट ठेवली होती. त्या वाटेने स्वाद उद्योगाच्या संघटनेचं तज्ज्ञ मंडळ १९६० पासून स्वादद्रव्यांना हिरवा कंदील दाखवतंय. मंडळातले शास्त्रज्ञ जाणते असतात, पण खर्च उद्योगच करतो, आणि त्यांना विचारलेला प्रश्न एवढाच असतो: हे खाल्लं तर चालेल का? ते ओतणारा, तोलणारा, पिंप धुणारा त्या प्रश्नात बसतच नाही. आमच्या लॅबमध्येही नवीन मुलं "फूड ग्रेड आहे, काय होतंय" म्हणत नाक बाटलीला लावायची. फूड ग्रेड हा शब्द पोटापुरता आहे. ई-सिगारेटवाल्यांनीही हेच केलं, खाण्यासाठी मान्य झालेली द्रव्यं तापवून ओढायला दिली. २०१५ च्या हार्वर्डच्या तपासणीत ५१ पैकी ३९ स्वादांत डायॲसिटिल सापडलं. आपल्याकडे २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदी आली ते बरंच झालं.

हार्बर_लाइन

दोन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको करत होतो.

माझे बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका फ्लेवर कंपाउंडिंगच्या युनिटमध्ये मिक्सिंगला होते. नाव लिहीत नाही. लहान युनिट, पंधरा-वीस माणसं. निळ्या पिंपातून जगने काढायचं, वजनकाट्यावर तोलायचं, मोठ्या भांड्यात ओतायचं. पावडर फ्लेवर असला की गोणी ब्लेंडरच्या तोंडावर झटकायची. तोंडाला रुमाल, फार तर कापडी मास्क. घरी आले की शर्टाला कधी अननस, कधी लोणी, कधी केवडा. आम्हा पोरांना ते आवडायचं, आज काय बनवलं ते वासावरून ओळखायचो.

आता ते साठीत आहेत. मानखुर्द स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबतात. बिडी, तंबाखू कधी नाही. एका दवाखान्यात दमा सांगितला, पंप दिला. पंपाने काहीच फरक पडत नाही. एक्स-रे साफ आहे म्हणाले. कोणीच कधी विचारलं नाही की तुम्ही काम काय करायचा. वरचा प्रतिसाद वाचला आणि अंगावर काटा आला.

डॉक्टर_परळ

हार्बर_लाइन, तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत. तपासल्याशिवाय मी निदान सांगणार नाही. पण पंपाने न सुधारणारा अडथळा, साफ एक्स-रे आणि हा कामाचा इतिहास, तिन्ही एकत्र असतील तर दम्यावर थांबून चालणार नाही. हा आजार दमा किंवा ब्राँकायटिस समजून वर्षानुवर्षं सुटतो.

बाबांना केईएम किंवा सायनच्या छातीविकार ओपीडीत घेऊन जा. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची तपासणी, पंप देण्याआधी आणि दिल्यानंतर, अशी दोन्ही करून घ्या. फुप्फुसांचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन, सांगितला तर श्वास सोडलेल्या स्थितीतले फोटोही घ्यायची आठवण करा, अडकलेली हवा त्यातच दिसते. आणि एका कागदावर लिहून न्या: कोणत्या साली लागले, कोणत्या विभागात, कोणते फ्लेवर, गरम करायचे का, पंखा किंवा एक्झॉस्ट होता का, सोबतच्यांपैकी आणखी कोणाला धाप लागते का. शेवटचा प्रश्न विसरू नका. मिसूरीतसुद्धा एकेकट्या रुग्णावरून कळलं नव्हतं, आठ जण एकाच दारातून बाहेर पडलेले दिसले तेव्हा कळलं.

नियमावली

कायद्याच्या बाजूने थोडं. आपल्याकडे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम. त्यात काही स्वादद्रव्यांना साफ मनाई आहे: कुमारीन, सॅफ्रोल, थुजोन, बीटा-असारोन, युजेनिल मिथाइल इथर वगैरे. डायएथिलिन ग्लायकॉल हे द्रावक म्हणूनही वापरायचं नाही. तयार पाकिटावर कृत्रिम स्वाद असेल तर त्याचं प्रचलित नाव लिहावं लागतं. नैसर्गिक किंवा निसर्गसदृश (रेणू निसर्गातलाच, पण कारखान्यात बनवलेला) असेल तर नुसता वर्ग लिहिला की झालं. डायॲसिटिल लोण्यात असतं म्हणून ते निसर्गसदृश गटात बसतं, आणि त्यामुळे नाव न येताच सुटतं.

अन्नाचं बघायला अन्न व औषध प्रशासन, वांद्रे-कुर्ला संकुलात. कामगाराच्या हवेचं बघायला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. पहिलं ऑफिस बाटलीतला माल तपासणार, दुसरं ऑफिस खोलीतली हवा. एका बाजूला "सुरक्षित" शिक्का बसला की दुसऱ्या बाजूला कोणाला शंकाच येत नाही, आणि या मधल्या फटीत हार्बर_लाइनचे बाबा सापडतात. मला याची मनापासून चीड येते.

वायू मोजायचा असेल तर सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे औद्योगिक आरोग्याचा विभाग आहे. आणि बाबा ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, विमाधारक होते का ते बघा. जुनं कार्ड, पगाराच्या स्लिपा, काहीही फेकू नका.

मीठभाकर

हार्बर_लाइन, बाबांना लवकर बरं वाटो. तरी माझा मुद्दा राहतोच. नैसर्गिकच वापरलं असतं तर ही वेळ आली नसती.

रसशाळा

मीठभाकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण ही समजूत कामगाराच्या जिवावर उठते म्हणून आग्रहाने लिहितो. कोणताही स्वाद न घातलेली कॉफी भाजताना आणि दळतानाही डायॲसिटिल सुटतं. टेक्सासमधल्या एका कॉफी कारखान्यातल्या कामगारांना हाच आजार झाल्याचं २०१३ मध्ये नोंदलं गेलं. तिथे स्वादाची कॉफीही व्हायची, पण त्यानंतर नायॉशने साध्या कॉफीच्या कारखान्यांतही हवा मोजली, आणि भाजलेल्या दाण्यांतून, दळणयंत्रापाशी ते सापडलं. माटुंग्याला ज्या दुकानांत ताजी कॉफी दळून मिळते, तिथे गिऱ्हाईक म्हणून पाच मिनिटं उभं राहायला काहीच हरकत नाही. दिवसभर यंत्रापाशी उभा असणाऱ्याच्या डोक्यावर मात्र एक्झॉस्ट हवा.

दुसरं, नियमावलींनी सांगितलेलं युजेनिल मिथाइल इथर घ्या. प्रयोगातल्या उंदरांच्या यकृतात त्याने गाठी झाल्या. अमेरिकेने २०१८ मध्ये त्याचं कृत्रिम रूप यादीतून काढलं, आपल्याकडे तर ते घालायलाच मनाई. पण हेच तुळशीत असतं. दोन पानं चहात टाकली म्हणून कोणी घाबरू नये, पण नैसर्गिक म्हणून तेलाचे थेंब रोज पिणाऱ्यांनी विचार करावा. दालचिनीचंही तसंच, बाजारात बहुतेक मिळते ती कॅशिया, आणि तिच्यात कुमारीन चांगलंच असतं.

गिरगावकरीण

एवढं सगळं वाचून सुन्न झाले. मी मुलांच्या पोटाची काळजी करत होते. माझं स्वयंपाकघर आठ बाय सहा, खिडकी चाळीच्या गॅलरीत उघडते. तूप कढईत गरम असतानाच मी फ्लेवर ओतते, म्हणजे नीट मिसळतो. ओतलं की चर्र होऊन वाफेचा लोट येतो, डोळे चुरचुरतात, घशात खवखवतं. दिवाळीच्या आधी हे रोज दुपारभर चालतं, आणि मदतीला येणारी मुलगी कढईपाशीच असते. तिचं वय एकोणीस. आता काय बदलू ते सांगा.

रसशाळा

ताई, डायॲसिटिल ८८ अंशांना उकळतं. तापलेल्या तुपात ओतलं की बराच वास खोलीत जातो, म्हणजे पैसेही वाफेत. तूप कोमट, हाताला सोसेल इतकं होऊ द्या, मग साखरेबरोबर फेसताना फ्लेवर घाला, किंवा थोड्या गार तुपात कालवून मग मिसळा. तोंड अरुंद असलेली छोटी बाटली भरून ठेवा, मोठी बाटली रोज उघडू नका. मापाने घाला, अंदाजाने नको. खिडकीत बाहेर फेकणारा एक्झॉस्ट बसवा, छताचा पंखा वाफ फक्त फिरवतो. कापडी मास्क किंवा करोनातला मास्क वाफेला अजिबात अडवत नाही, त्यावर विसंबू नका.

आणि दुकानदाराकडे सेफ्टी डेटा शीट मागा, म्हणजे आत कोणती घातक रसायनं आहेत ते लिहिलेला उत्पादकाचा कागद. प्रत्येक रसायनाला एक नोंदणी क्रमांक (कॅस) असतो: डायॲसिटिलचा ४३१-०३-८, पेंटेनडायोनचा ६००-१४-६. दोन्ही शोधा. शीट देत नाही म्हणाला तर उत्पादकाला थेट ईमेल करा, देणारे देतात. नाहीच दिलं तर दुसरा ब्रँड घ्या.

डॉक्टर_परळ

त्या मुलीला सतत कोरडा खोकला, धाप असं काही असेल तर एकदा स्पायरोमेट्री करून घ्या, सरकारी रुग्णालयात किरकोळ खर्चात होते. नसेल तरी आत्ताचा आकडा नोंदलेला असणं चांगलं, पुढे तुलना करता येते.

हार्बर_लाइन

सायनला जाऊन आलो. स्पायरोमेट्रीत अडथळा आहे, पंपानंतर बदल जवळजवळ नाही. सीटीची तारीख पुढच्या आठवड्यात मिळालीय. मी कामाचा कागद लिहून नेला होता, तिथल्या निवासी डॉक्टरांनी तो पूर्ण वाचला आणि केसपेपरला जोडला.

बाबांच्या जुन्या वहीत मिक्सिंगच्या दोघांचे नंबर सापडले. एकाचा लागत नाही. दुसरे काका कळव्याला राहतात, त्यांच्या मुलीशी बोललो. ती म्हणाली, त्यांनाही चार वर्षांपासून ऑक्सिजन आहे, आम्हाला धूळ-प्रदूषणाचं सांगितलं होतं. रविवारी बाबांना घेऊन तिकडे जातोय. डॉक्टर, त्यांनाही हाच कागद भरायला सांगू, की तुम्ही आणखी काही विचारायला सांगाल?

डॉक्टर_परळ

हाच कागद, आणि त्यात तीन गोष्टी वाढवा. धाप कामाला लागल्यावर किती दिवसांनी सुरू झाली, सुट्टीत गावी गेल्यावर कमी व्हायची का, आणि गरम भांड्याचं काम दोघांपैकी कोणाकडे जास्त होतं. त्यांचे जुने स्पायरोमेट्रीचे कागद असतील तर फोटो काढून आणा. दोघांचं एकत्र घेऊन नियमावलींनी सांगितलेल्या संचालनालयाकडे लेखी अर्ज करू, मसुदा मी आणि ते मिळून करतो. रविवारी बोलून झालं की इथेच लिहा.